एअरलूम या इंग्रजी शब्दातील ‘लूम’ म्हणजे विणकराचा माग आहे का?

प्रश्न : बालाघाटचा वाचक

सर्वांना नमस्कार. अंबाजोगाई परिसरातील काही शेतकरी आणि आम्ही काही शिक्षक मिळून गावोगावच्या जुन्या बियाण्यांची एक माहितीपुस्तिका तयार करीत आहोत. पुस्तिका मराठीत आहे, परंतु बियाणे कसे राखावे, दोन वाणांत किती अंतर ठेवावे, उगवणक्षमता कशी तपासावी यासंबंधीचा बराचसा मजकूर आम्हाला इंग्रजीतून घ्यावा लागत आहे आणि त्यात ‘एअरलूम’ हा शब्द जागोजाग येतो. शब्दकोशात ‘वंशपरंपरागत चालत आलेली मौल्यवान वस्तू’ असा अर्थ मिळतो. दागिना, तलवार किंवा जुने घड्याळ यांना तो नीट लागू पडतो. मूठभर ज्वारीला तो का लावतात, हे मात्र त्यावरून कळत नाही.

आमच्यातील एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे आहे की ‘एअर’ म्हणजे वारस आणि ‘लूम’ म्हणजे माग, त्यामुळे या शब्दाचा मूळ अर्थ ‘वारसासाठी मागावर विणलेले वस्त्र’ असा असला पाहिजे. पैठण आपल्याकडेच असल्यामुळे आणि आजीची पैठणी नातीकडे जाण्याची रीत सर्वांच्या परिचयाची असल्यामुळे हे स्पष्टीकरण ऐकणाऱ्याला लगेच पटते. ते पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर घालावे, असा त्यांचा आग्रह आहे. मला ते फारच सोयीस्कर वाटते. छापील मजकूर शाळाशाळांत जाणार असल्यामुळे खात्री करून घेतल्याशिवाय तो देऊ नये, असे माझे मत आहे.

तेव्हा या शब्दाची खरी व्युत्पत्ती काय, तो बियाण्यांना केव्हापासून लागू झाला आणि मराठीत त्यासाठी कोणता शब्द वापरावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : गोदातीर

आपली शंका रास्त आहे आणि ते स्पष्टीकरण पुस्तिकेत घेऊ नये, अशी माझी विनंती आहे. या शब्दातील ‘लूम’चा विणकामाशी संबंध नाही.

जुन्या इंग्रजीत ‘गेलोमा’ असा एक शब्द होता. अवजार, भांडे, घरात किंवा शेतात कामी येणारी कोणतीही वस्तू, असा त्याचा अर्थ होता. पुढे आरंभीचे ‘गे’ गळून पडले आणि ‘लोम’, ‘लूम’ अशी रूपे राहिली. कुदळीलाही लूम म्हणत आणि पातेल्यालाही. साधारण 1400 च्या सुमारास याच शब्दाचा उपयोग विणण्याच्या यंत्रासाठी होऊ लागला आणि कालांतराने तेवढाच अर्थ प्रमाण इंग्रजीत शिल्लक राहिला. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र अवजाराचा अर्थ पुढेही बराच काळ टिकला. अर्थ असा आकसत जाणे आपल्या भाषांनाही नवे नाही. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे पूर्वी कोणताही वन्य पशू, म्हणूनच सिंहाला मृगेंद्र म्हणतात आणि शिकारीला मृगया. आज आपण मृग म्हटले की फक्त हरीण समजतो. मृगेंद्र या जोडशब्दात जसा जुना व्यापक अर्थ तसाच राहून गेला, तसाच तो एअरलूम या जोडशब्दातही राहिला. हा जोडशब्द इंग्रजीत 15 व्या शतकाच्या पूर्वार्धात आढळतो आणि त्याचा सरळ अर्थ ‘वारसाकडे जाणारे अवजार’ किंवा ‘वारसाकडे जाणारी घरातील वस्तू’ असा आहे.

शब्दाचा पूर्वार्ध वेगळ्या घराण्यातील आहे. ‘एअर’ हा लॅटिन ‘हेरेस’वरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तेथील न्यायालयांचा कारभार दीर्घकाळ फ्रेंचमध्ये चालत असे, त्यामुळे वारसा, मालमत्ता, करार यांविषयीचे बहुतेक इंग्रजी शब्द फ्रेंचमधून आलेले आहेत. लेखनात आरंभी ‘ह’ असूनही उच्चार ‘एअर’ असा होतो, त्याचेही कारण हेच आहे. ‘अवर’ आणि ‘ऑनेस्ट’ या शब्दांतही तो ‘ह’ असाच मुका राहिला आहे. आपल्याकडे काही जण ‘हेअरलूम’ असे लिहितात, ते टाळावे. एकूण पाहता शब्दाचा अर्धा भाग नॉर्मन कचेरीतून आला आणि अर्धा सॅक्सन शेतकऱ्याच्या अवजारांच्या खोलीतून, आणि मला स्वतःला या शब्दाचे खरे मोल त्या जोडणीतच दिसते.

लॅटिन ‘हेरेस’चे नाते भाषाशास्त्रज्ञ ज्या मूळ धातूशी जोडतात, त्याचेच संस्कृत रूप ‘हा’ म्हणजे सोडणे, टाकणे असे आहे. जहाति, हीन, हानी हे शब्द त्याच कुळातले. ग्रीक भाषेत विधवेला ‘खेरा’ म्हणतात, तोही याच कुळातला शब्द. कोणीतरी सोडून जाणे आणि कोणीतरी मागे उरणे, ही कल्पना या सर्व शब्दांच्या मुळाशी आहे. जर्मन भाषेत वारशाला ‘एर्बे’ म्हणतात. तो मात्र दुसऱ्या मुळातून आला आहे, आणि त्या मुळाची संस्कृतातील शाखा म्हणजे ‘अर्भ’, ज्यावरून आपण अर्भक म्हणतो. अनाथ या अर्थाचा इंग्रजी ‘ऑर्फन’ही तेथलाच. आपला ‘वारस’ अरबीतून आलेला आहे आणि ‘मिरास’ हा शब्दही त्याच अरबी धातूपासून बनलेला आहे, त्यामुळे मिरासदार आणि वारसदार हे मुळात एकाच घरचे.

काही ठिकाणी ‘लूम’चा संबंध संस्कृत ‘लोम’शी, म्हणजे केसाशी किंवा लोकरीशी जोडलेला दिसतो. ध्वनींचे साम्य सोडले तर त्याला कोणताही आधार नाही.

उत्तर : सामाईक बांध

मी जमिनीच्या दाव्यांत वकिली करतो. वरील उत्तरातील व्युत्पत्तीला पूर्ण दुजोरा देऊन कायद्याची बाजू थोडी विस्ताराने मांडतो, कारण हा शब्द जन्माने कायद्याचा आहे आणि दागिना, घड्याळ हे अर्थ त्याला पुढे चिकटले आहेत.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात माणूस वारल्यानंतर त्याची मालमत्ता दोन वाटांनी जात असे. जमीन आणि वाडा ही स्थावर मालमत्ता वारसाकडे, म्हणजे सामान्यतः थोरल्या मुलाकडे जाई. भांडीकुंडी, धान्य, गुरे, रोकड ही जंगम मालमत्ता मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या व्यवस्थापकाच्या ताब्यात जाई आणि तो तिच्यातून मयताचे कर्ज फेडून उरलेले इतरांना देई. या व्यवस्थेतील अडचण उघड आहे. वाडा थोरल्याला मिळाला, परंतु त्यातील खाट, हंडा आणि गाडी दुसरेच घेऊन गेले, तर ते घर चालणार कसे? म्हणून काही ठिकाणच्या रूढीने असे ठरले की विशिष्ट वस्तू जंगम असल्या तरी वास्तूबरोबरच वारसाकडे जातील. इंग्लिश कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी 1628 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा वस्तूंची नावे दिली आहेत आणि त्यांत उत्तम खाट, मेज, हंडी, तवा आणि गाडी यांचा समावेश आहे. हिरेमाणके नाहीत, रोजच्या वापरातील वस्तू आहेत. ‘लूम’ म्हणजे अवजार, या अर्थाला यापेक्षा चांगला पुरावा कोणता हवा?

पुढे दुसरे कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांनी इंग्लंडच्या कायद्यांवरील आपल्या भाष्याच्या 1766 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात या विषयाचे स्वतंत्र विवेचन केले. जमिनीची मूळ कागदपत्रे, ती ज्या पेटीत ठेवतात ती पेटी, चर्चमध्ये लावलेले पूर्वजांचे स्मारक, राजमुकुटाची जुनी रत्ने, ही सारी त्यांच्या मते एअरलूम होत. ब्लॅकस्टोन यांनी मात्र ‘लूम’चा अर्थ ‘अवयव’ असा दिला आणि एअरलूम म्हणजे वारशाचा एक अवयव, असे सांगितले. तो अर्थ भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. वारशाच्या कायद्यावर ज्यांचा शब्द अंतिम मानला जात असे, त्यांच्याकडूनही या शब्दाची फोड चुकलेली असल्यामुळे आपल्या सहकाऱ्यांनी संकोच मानण्याचे कारण नाही.

त्या कायद्यातील एक तरतूद विशेष लक्ष देण्यासारखी आहे. मालकाला आपल्या हयातीत एअरलूम विकता येत असे, परंतु वास्तू वारसाकडे ठेवून तेवढी वस्तू मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नसे. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते आणि मृत्यूच्या क्षणी त्या वस्तूवर वारसाचा हक्क आधीच उभा राहिलेला असतो, असा त्यामागचा तर्क होता. ‘लेगसी’ या शब्दापासून एअरलूम वेगळा पडतो तो येथे. लेगसी म्हणजे मृत्युपत्राने, देणाऱ्याच्या इच्छेने दिलेली वस्तू. एअरलूम रूढीने जातो आणि देणाऱ्याच्या इच्छेला तेथे फारसे स्थान नसते. 1925 च्या इंग्लिश कायद्यांनी वारसाची ही वेगळी वाट बहुतांशी बंद केली आणि त्यानंतर हा शब्द कचेरीपेक्षा बोलण्यातच अधिक राहिला.

आता आपल्याकडचे. मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका लिहिणारे विज्ञानेश्वर हे कल्याणीच्या चालुक्य दरबारातले, आणि ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, उमरगा-निलंग्याच्या सीमेपासून फार लांब नाही. थोरल्या मुलाला वाढीव हिस्सा देण्याची तरतूद जुन्या स्मृतींत होती. विज्ञानेश्वरांनी ती लोकांना अमान्य झालेली म्हणून बाजूला ठेवली आणि सर्व मुलांना समान वाटा सांगितला. थोरल्याच्याच घरी सारे जाण्याची रीत येथे सर्वसाधारण कायदा म्हणून रुजली नाही, त्यामुळे इंग्लंडसारखा एअरलूमही येथे निर्माण झाला नाही. तथापि वाटणी होऊ न शकणाऱ्या वस्तूंचा प्रश्न आपल्याकडेही होताच. अंगावरचे कपडे, वाहन, शिजवलेले अन्न, पाणी अशा वस्तू वाटू नयेत, असे मनुस्मृती सांगते आणि पाण्याच्या बाबतीत मिताक्षरेचे म्हणणे असे आहे की विहिरीसारख्या गोष्टीची किंमत काढून वाटणी करू नये, ती पाळीपाळीने वापरावी.

हे वाक्य मला दरवेळी थांबवते, कारण आजही माझ्यासमोर येणाऱ्या वाटणीपत्रांत तेच लिहिलेले असते. जमिनीचे गट पडतात, बांध पडतात, सातबारा वेगळा होतो आणि विहीर तेवढी सामाईक राहते. एका काठावर दोन मोटारी, दोन स्टार्टर, आणि आठवड्यातील वारांची पाळी ठरलेली. वीज रात्रीची आली की पाळी बदलते आणि त्यावरून भावाभावांत वाद होतात, परंतु विहीर कोणी अर्धी करून मागत नाही. इंग्लंडने न वाटता येणारी वस्तू एकाला दिली, मिताक्षरेने ती सर्वांच्या पाळीत ठेवली. प्रश्न एक आणि उत्तरे दोन.

निजामाच्या राज्यात आपल्या भागात खिदमतमाश इनामे होती, म्हणजे देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनी. जो सेवा करील त्याच्याकडे जमीन चालत राही आणि ती खाजगी मिळकतीसारखी विकता येत नसे. मालमत्ता माणसाला न चिकटता एखाद्या कार्याला चिकटून पुढे जाते, ही कल्पना आपल्या लोकांना नवखी नाही, एवढ्यासाठीच हे उदाहरण दिले.

उत्तर : खड्डामाग

आमचे घर पैठणजवळचे आणि विणकरांचे. वरील दोन्ही उत्तरे वाचून समाधान वाटले, कारण पर्यटकांना सांगितली जाणारी ही व्युत्पत्ती मीही अनेकदा ऐकली आहे आणि ती ऐकताना नेहमी खटकत आले आहे. पैठणीची थोरवी सांगण्यासाठी इंग्रजी शब्दाच्या आधाराची गरज नाही.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे पुढे गेले ते वस्त्र नाही. पैठणी विणणाऱ्याच्या घरी पैठणी क्वचितच राहते. ती विकण्यासाठीच विणलेली असते. राहतो तो माग, फणी, धोटा, पदरावरच्या नक्षीसाठी वेगवेगळ्या रंगांचे रेशीम गुंडाळलेल्या तिल्ल्या, आणि कोणत्या ओळीला कोणता रंग कोठे वळवायचा याचा हिशेब. खड्ड्याच्या कडेला बसून पाय सोडायची जागा वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेली असते आणि लहान मूल प्रथम तेथे बसते तेव्हा त्याचे पाय पावड्यांपर्यंत पोहोचत नाहीत. ‘वारसाकडे जाणारे अवजार’ हा अर्थ त्यामुळे आम्हाला विणलेल्या वस्त्रापेक्षा कितीतरी जवळचा वाटतो.

उत्तर : काळी कसदार

मी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा विद्यार्थी होतो आणि आता जिंतूर भागात शेती करतो. बियाण्यांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

एअरलूम हा शब्द बियाण्यांना लागला तो अमेरिकेत, आणि तो फार जुना वापर नाही. 1975 मध्ये केंट व्हीली आणि डायान ऑट व्हीली या दांपत्याने तेथे बियाण्यांची देवाणघेवाण करणारी एक संस्था सुरू केली, तीच पुढे ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या नावाने प्रसिद्ध झाली. डायान यांच्या आजोबांकडे बव्हेरियाहून आलेल्या घराण्याने जपलेले टोमॅटोचे आणि एका फुलवेलीचे बियाणे होते आणि त्यापासून या कामाला प्रेरणा मिळाली. कुटुंबाने राखलेल्या अशा वाणांना एअरलूम म्हणण्याची प्रथा त्यानंतरच्या काळात रूढ झाली. त्यामागील कारण स्पष्ट आहे. संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते, कारण त्याच्या पिकातून धरलेले बी पुढच्या वर्षी मूळ गुण सारखे दाखवीत नाही. एक झाड उंच, एक ठेंगणे, एक कणीस भरलेले, एक पोचट, अशी फाटाफूट होते. मुक्त, म्हणजे निसर्गतः होणाऱ्या, परागीभवनाने टिकलेला वाण मात्र नीट निवडून राखला तर पिढ्यान्‌पिढ्या बऱ्याच अंशी तसाच येतो. म्हणजे ज्याचा वारसा देता येतो असे बियाणे ते एअरलूम, आणि ज्याचा देता येत नाही ते संकरित. शब्द भावनेपोटी आलेला वाटला तरी त्याखाली आनुवंशिकतेची ही पक्की गोष्ट आहे.

किती वर्षे जुने असावे याविषयी तेथेही एकमत नाही. काही जण 50 वर्षांची अट घालतात, काही जण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा काळ मानतात, कारण त्यानंतर संकरित बियाण्यांचा व्यापार वाढला. आपल्या पुस्तिकेत अशी वर्षांची अट घालू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आपल्याकडील सीमारेषा वेगळी आहे. संकरित ज्वारीचा ‘सीएसएच-1’ हा पहिला वाण 1964 मध्ये आला आणि 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे तो घराघरांत पोहोचला. आजही आमच्या भागातील वडीलधारी माणसे ‘हायब्रीड’ हा शब्द नुसता उच्चारतात तेव्हा त्यांना खरिपाची संकरित ज्वारीच अभिप्रेत असते. ‘हायब्रीडची भाकरी’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. त्याच दुष्काळात बाहेरदेशाहून आलेली ‘मिलो’ ही लाल ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांना गावच्या टपोऱ्या शाळूची किंमत निराळी सांगावी लागली नाही.

मराठवाड्यात राखण्याजोगे पुष्कळ आहे. जालन्याची दगडी ज्वारी, लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूर आणि कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हुरड्यासाठी राखलेली गुळभेंडी ज्वारी अजून काही घरांत मिळते. देशी कापसात नांदेडकडील गावरानी कापूस एके काळी लांब धाग्यासाठी नावाजलेला होता. आज शिवारात संकरित बीटी कापूसच दिसतो आणि गावरानी कापसाची सरकी शोधावी लागते. याविषयी मला मनापासून वाईट वाटते, कारण कमी पावसात आणि हलक्या रानात तग धरणारे गुण एकदा हरवले की ते पुन्हा घडवायला फार काळ लागतो.

एक तांत्रिक सूचना पुस्तिकेत अवश्य द्यावी. ‘जुने बियाणे’ म्हणून राखलेल्या तुरीच्या शेजारी दुसरी तूर असेल तर मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतात आणि काही वर्षांत वाण भेसळतो. ज्वारीत हे प्रमाण कमी असते, तरी असतेच. दुधी, दोडका, काकडी यांचे वाण जवळजवळ लावले तर मिश्रण ठरलेलेच. तेव्हा बियाण्यासाठी शेताच्या मधल्या भागातील निरोगी झाडे आधीच खूण करून ठेवावीत आणि काढणी झाल्यावर खळ्यावरच्या राशीतून बी उचलू नये. राशीतून कणसाचा आकार कळतो, परंतु ते ज्या ताटावर होते ते ताट लोळले होते की उभे होते, हे कळत नाही.

कायद्याच्या बाजूने एवढे सांगतो की आपल्या देशाच्या 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात ‘शेतकऱ्यांचे वाण’ असा स्वतंत्र वर्ग आहे. शेतकऱ्यांनी आपल्या शेतात परंपरेने पिकविलेले आणि विकसित केलेले वाण त्यात मोडतात आणि त्यांची नोंदणी करता येते. शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क त्या कायद्याने दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रा लावून विकता येत नाही.

बालाघाटचा वाचक (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. मागाची व्युत्पत्ती आम्ही वगळत आहोत आणि ‘सामाईक बांध’ यांनी दिलेली खाट, हंडी, तवा आणि गाडीची यादी सहकाऱ्यांनाही अतिशय आवडली. आता प्रश्न मराठी शब्दाचा राहतो. आमच्या मसुद्यात ‘वडिलोपार्जित बियाणे’ असा शब्द आहे. काहींनी ‘वारसा वाण’ सुचविले आहे, तर शेतकऱ्यांचा कल ‘गावरान’कडे आहे. यांपैकी काय ठेवावे?

उत्तर : सामाईक बांध

‘वडिलोपार्जित’ कृपया ठेवू नये. वडिलांकडून, आजोबांकडून, पणजोबांकडून चालत आलेली आणि जिच्यात जन्मानेच हक्क मिळतो अशी मिळकत, असा त्या शब्दाचा ठरलेला अर्थ कचेरीत आहे. त्या हक्कात मुलींना स्थान मिळायला महाराष्ट्रात 1994 ची आणि देशभरात 2005 ची दुरुस्ती यावी लागली. बियाण्याच्या पुस्तिकेत तो शब्द घातला तर वाचकाच्या मनात नको त्या वाटणीचा विचार येईल.

उत्तर : उतरंड

मी धाराशिव जिल्ह्यातील आहे. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी ‘वडिलोपार्जित’ हा शब्द मला दुसऱ्या कारणाने अयोग्य वाटतो. बियाणे बहुतेक घरांत बायकांनी राखले आहे. माझ्या आजेसासूबाई कारल्याचे, दोडक्याचे, वाळकाचे बी राखेत घोळवून लहान गाडग्यांत भरीत आणि ती गाडगी माळवदाच्या घरातील अंधाऱ्या खोलीत उतरंडीच्या वरच्या बाजूला ठेवीत. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या बियाण्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला असे. कोणत्या गाडग्यात काय आहे हे त्यांना न उघडता ठाऊक असे, कारण तोंडाला बांधलेल्या चिंधीचा रंग त्यांनी ठरवून ठेवलेला होता. त्यांतील निम्म्याहून अधिक बी त्यांच्या माहेरहून आलेले होते. लेक सासरी जाताना ओटीत, किंवा पहिल्या पंचमीला माहेरी येऊन परतताना पदराच्या गाठीत हे बी गावोगाव फिरले आहे. त्याला वडिलांचे नाव लावणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

‘गावरान’ हा शब्द सर्वांना कळतो आणि ‘हायब्रीड’च्या समोर तोच उभा राहतो, हे त्याचे बळ आहे. इंग्रजी शब्द वंश सांगतो, आपला शब्द गाव सांगतो, आणि बियाण्याच्या बाबतीत गाव सांगणेच अधिक उपयोगाचे आहे, कारण वाण त्या मातीला आणि त्या पावसाला जुळलेला असतो. अडचण अशी की बाजारात आता कोंबडीपासून तुपापर्यंत सर्वांवर ‘गावरान’ असे लिहिलेले असते, त्यामुळे नुसत्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही. अमेरिकेतील दुकानांत एअरलूम टोमॅटोचेही असेच झाले आहे, असे वाचनात येते.

माझी सूचना अशी आहे की शीर्षकात ‘पिढीजात गावरान वाण’ असे लिहावे. ‘पिढीजात’ म्हटल्याने सासू, सून, आई, लेक सर्वांचा समावेश होतो आणि ‘गावरान’ने मातीचा संबंध येतो. ‘वाण’ हा शब्दही येथे शोभतो. संक्रांतीला आपण एकमेकींना जे वाण देतो तो उच्चाराने सारखा असला तरी वेगळा शब्द आहे, परंतु आमच्या गावातील बायकांनी या वर्षी वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यांऐवजी वाळकाच्या आणि घेवड्याच्या बियांच्या पुड्या वाटल्या, आणि तेव्हा दोन्ही शब्द एकाच पुडीत आले. इंग्लंडच्या त्या खाटेची किंवा पेटीची गोष्ट वाचताना मला हाच फरक जाणवला. ती वस्तू एका घरात अडकून राहिली तरच एअरलूम ठरत असे. बी एकाच घरात अडकले तर एका उंदराने किंवा एका दुष्काळाने संपते. आमच्याकडचे वाळकाचे बी एका वर्षी पूर्ण किडले होते आणि ते परत मिळाले ते नणंदेच्या गावाहून, कारण तिने ते कधीकाळी येथूनच नेले होते.

म्हणून पुस्तिकेत प्रत्येक वाणापुढे केवळ ‘जुने’ किंवा ‘पारंपरिक’ असे न लिहिता तीन गोष्टी नोंदवाव्यात, असे मला वाटते : वाणाचे गावातील नाव, सध्या ते कोणाच्या घरी आणि कोणत्या गावी आहे, आणि त्या घरी ते कोठून आले. तिसऱ्या रकान्यात शक्य असेल तेथे आणणारीच्या माहेरच्या गावाचे नाव लिहावे. जे बी एकाच घरी उरले आहे त्यावर वेगळी खूण करावी, म्हणजे पुढील मेळाव्यात ते आधी वाटता येईल.